इमारतींतील यंत्रणा ताब्यांत घेण्यापूर्वीं परीक्षा किती करावी?

शेतकरी बैल विकत घेतो तेव्हां केवळ शिंगें व वशिंड पाहून पैसे मोजीत नाहीं. तो दांत पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मालक राजी असेल तर औतास जुंपून तास दोन तास जमिनींत फिरवितो. बाजारांत सांवलीला उभा असलेला बैल आणि ओल्या रानांत नांगर ओढणारा बैल यांत किती अंतर असूं शकतें, हें त्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं.

तथापि हाच शेतकरी सहकारी सोसायटीचा कारभारी या नात्यानें एखादें नवें शीतगृह, गोदाम, प्रतवारीगृह किंवा उपसा सिंचनाचें पंपघर ताब्यांत घेतो, तेव्हां हें शहाणपण पुष्कळदां बाजूस राहतें. भिंतींचा रंग ताजा असतो, उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, पाहुण्यांस निमंत्रणें गेलेलीं असतात. मक्तेदार खटका दाबतो, यंत्र घरघरूं लागतें, दिवे लागतात, नारळ फुटतो आणि पंचमंडळी ताबापावतीवर सह्या करितात. यंत्र चालूं लागलें, एवढें त्यांनीं पाहिलें. तें काम करील कीं नाहीं, हें कोणींच पाहिलेलें नसतें.

इमारतींतील वीज, पाणी, थंडावा आणि आगीपासून बचाव यांची व्यवस्था ताब्यांत घेण्यापूर्वीं किती खोल तपासावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. सर्वच तपासूं म्हटलें तर हंगाम निघून जाईल. कांहींच न तपासतां सही केली तर हंगामाबरोबर मालही जाईल. या दोहोंमधील योग्य मर्यादा कशी ठरवावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

परीक्षेच्या तीन पायऱ्या

कोणत्याही यंत्रणेची परीक्षा तीन पायऱ्यांनीं होते. पहिली पायरी म्हणजे करारांत लिहिलेली वस्तु जागेवर आहे कीं नाहीं, तिचें माप व बनावट ठरल्याप्रमाणें आहे कीं नाहीं, हें पाहणें. दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक यंत्र एकएकटें चालवून पाहणें: पंप फिरतो, पंखा फिरतो, जनित्र सुरू होतें. तिसरी पायरी म्हणजे सर्व यंत्रें एकत्र, पूर्ण भाराखालीं चालवून पाहणें, आणि त्यांतील एखादें मुद्दाम बंद पाडून बाकीचीं काय करितात हें पाहणें.

बहुतेक ठिकाणीं परीक्षा दुसऱ्या पायरीवर थांबते. परंतु नुकसान होतें तें बहुधा तिसऱ्या पायरीवर. पंप चांगला असतो, जनित्रही चांगलें असतें. पण वीज गेल्यावर जनित्र सुरू होऊन पंपापर्यंत वीज पोंचते कीं नाहीं, हें कोणीं पाहिलेलें नसतें. साखळीच्या कड्या एकेक ओढून पाहिल्या म्हणजे साखळी तपासली असें होत नाहीं.

पानशेतचा धडा

या गोष्टीची सर्वांत मोठी व दुःखद साक्ष आपल्या पुणें शहरासच मिळालेली आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येस आंबी नदीवर पानशेत येथें मातीचें धरण बांधण्याचें काम चाललें होतें. १९६१ सालच्या पावसाळ्यापर्यंत तें सर्वांगांनीं पुरें झालेलें नव्हतें, तरी त्याच वर्षीं त्यांत पाणी सांठवावें असें ठरलें. मातीचा भराव उंच झाला होता, आणि लांबून पाहणारास तें धरणच दिसत होतें. परंतु धरणांतून पाणी बाहेर सोडण्याची जी मोरी, तिचे दरवाजे उचलण्याची व बसविण्याची यंत्रणा पुरी झालेली नव्हती. दरवाजे अर्धवट उघड्या स्थितींत राहिले, आणि ते हवे तेव्हां उघडण्याचें वा मिटण्याचें साधन हातीं नव्हतें.

जुलैच्या जोरदार पावसानें पाणी झपाट्यानें चढलें. मोरींतून पाणी संथ न वाहतां धक्के देत वाहूं लागलें आणि मोरीवरील मातीचा भराव खचूं लागला. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर गोण्या रचून खचलेला माथा उंच ठेवण्याची शर्थ केली. तरी १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं धरण फुटलें. तें पाणी खालच्या खडकवासला धरणावर आलें. १८७९ सालीं पुरें झालेलें तें दगडी धरण ऐशीं वर्षांहून अधिक काळ उभें होतें. तेंही त्याच दिवशीं दुपारीं फुटलें. मुठेच्या कांठच्या पेठांतून पाणी शिरलें, शेंकडों माणसें दगावलीं, हजारों कुटुंबें निराश्रित झालीं. ज्या तलावावर शहराचें पिण्याचें पाणी आणि मुठा कालव्याखालील बागाइत अवलंबून होतें, तो तलावच रिता झाला. आज गोखलेनगर, लोकमान्यनगर या वस्त्या ज्यांस ठाऊक आहेत, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं पानशेतच्या पूरग्रस्तांचें पुनर्वसन हें त्यांच्या उभारणीचें कारण होय.

यांत आमच्या विषयापुरता धडा असा: धरणाचा पहिला भराव हीच धरणाची परीक्षा असते. म्हणून जाणते इंजिनियर पहिला भराव टप्प्याटप्प्यानें करितात, प्रत्येक टप्प्यावर थांबून गळती व खचणें पाहतात, आणि कांहीं विपरीत दिसल्यास पाणी उतरविण्याचें साधन आधीं चालतें करून ठेवितात. पानशेत येथें परीक्षा आणि प्रत्यक्ष वापर हे एकाच दिवशीं आले, आणि परीक्षा थांबविण्याचें साधन मात्र अपुरें होतें. ज्या यंत्रणेची परीक्षा मध्येंच थांबवितां येत नाहीं, तिची परीक्षा सुरूंच करूं नये. शेततळें बांधणारानेंही हें स्मरावें. पहिल्या वर्षीं तळें एकदम कांठोकांठ न भरतां तीन हप्त्यांनीं भरावें, प्रत्येक हप्त्यानंतर चार दिवस थांबून बांधाच्या पायथ्याशीं ओल येते काय तें पाहावें, आणि पाणी काढून टाकण्याची सोय आधीं करावी.

शीतगृहाचें उदाहरण

आतां शेतकऱ्यांच्या अधिक निकटचें उदाहरण घेऊं. द्राक्षांसाठीं शीतगृह बांधलें आहे, आणि मक्तेदार रिकाम्या खोलींत यंत्र चालवून कांटा ० अंशावर आणून दाखवितो. हें पाहून सही करावी काय? आमचें उत्तर, नाहीं. रिकामी खोली थंड करणें म्हणजे रिकामी गाडी ओढणें. द्राक्षें रानांतून येतात तेव्हां तीं २५ ते ३० अंश सेल्सिअस इतकीं उष्ण असतात. तीं कांहीं तासांच्या आंत ४ अंशांच्या खालीं आणावीं लागतात, आणि पुढें ० ते १ अंशाच्या आसपास ठेवावीं लागतात. यंत्राचें खरें ओझें तें हें.

परंतु परीक्षेसाठीं द्राक्षें आणावीं कोठून? तीं आणण्याची गरज नाहीं. द्राक्षांत सुमारें चार पंचमांश पाणीच असतें; म्हणून पाण्याचे डबे हा त्यांचा उत्तम प्रतिनिधि होय. खोली ५ टन मालाची असेल, तर २० लिटरचे २५० डबे साध्या पाण्यानें भरून क्रेटांच्या जागीं मांडावे, मध्यें वारा खेळण्यास जागा ठेवावी, आणि यंत्र सुरू करून दर तासास नोंद करावी. डबा व द्राक्षाचा घड सारख्या वेगानें निवत नाहींत हें खरें. पण यंत्रास किती उष्णता ओढून काढावी लागेल, याचा अंदाज पाण्यावरून पुरेसा मिळतो. खोलीच्या दाराजवळ, मध्यभागीं व दूरच्या कोपऱ्यांत, तसेंच तळाशीं व वर, अशा निरनिराळ्या ठिकाणीं तापमापक ठेवावे. एकाच कांट्यावर भिस्त ठेवूं नये, कारण तो बहुधा पंख्यासमोरच्या सर्वांत थंड जागीं बसविलेला असतो.

तापमापक खरा कीं खोटा, हें पाहण्याची रीतही सोपी आहे. बर्फाचा चुरा व थोडें पाणी एकत्र कालवून बादलींत ठेवावें. त्या मिश्रणाचें तापमान ० अंश असतें. सर्व तापमापक त्यांत थोडा वेळ धरावे. जो एखाद्या अंशानें चुकीचें दाखवील तो बदलून मागावा. कांटाच खोटा असेल तर पुढील सर्व परीक्षा खोट्या.

यानंतर मोडतोडीची परीक्षा. यंत्र पूर्ण भारावर चालू असतां वीजतंत्र्याकडून मुख्य खटका बंद करवावा आणि हातांत घड्याळ धरून पाहावें. जनित्र किती वेळानें सुरू झालें? पंखे व कॉम्प्रेसर आपोआप परत चालूं लागले काय? ते सर्व एकाच क्षणीं सुरू होत असतील तर तोही दोष समजावा. कारण साध्या जोडणीची मोटर सुरू होतांना नेहमीच्या सहापट इतका प्रवाह ओढूं शकते, आणि सर्व मोटरी एकदम उठल्या कीं जनित्र गुदमरतें. जनित्र रिकामें चालवून दाखविणें ही परीक्षा नव्हे. निदान एक तास पूर्ण भारावर तें चालविलें पाहिजे.

वीजतारांची दुरुस्ती झाल्यावर दोन फेज उलटसुलट जोडले गेले म्हणजे मोटर उलटी फिरते, हा अनुभव विहिरीवर पंप असलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास नवा नाहीं. शीतगृहांतही तसें होऊं शकतें. तेव्हां परवानाधारक वीजतंत्र्याकडून फेज मुद्दाम बदलवून संरक्षक यंत्र मोटरीस थांबवितें कीं नाहीं हें पाहावें. तसेंच, खोलीचें दार बाहेरून मिटल्यावर आंत अडकलेल्या माणसास अंधारांत तें उघडतां येतें काय, आणि आंतील घंटेचा आवाज बाहेर ऐकूं येतो काय, याची परीक्षा एका माणसास आंत व दोघांस बाहेर ठेवून प्रत्यक्ष करावी. अमोनियावर चालणारें यंत्र असेल तर गळतीची सूचना देणारी घंटा व बाहेर पडण्याची वाट यांची परीक्षा त्या कामांतील जाणत्या माणसाच्या हातूनच करवावी.

स्वयंचलित वस्तूंविषयीं एक नियम विसरूं नये. १९०३ सालीं खडकवासल्याच्या तलावावर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यांत आले; पाणी ठराविक पातळीस आलें कीं ते आपण होऊन उघडत. अशी वस्तु हातानें उघडून मिटून पाहिली तर तिची हालचाल कळते, तिचें स्वयंचलन कळत नाहीं. ज्या कारणासाठीं ती हालावयाची, तें कारण उत्पन्न करूनच ती तपासली पाहिजे. टाकी भरल्यावर पंप थांबावयाचा असेल तर टाकी खरोखर भरावी. दाब उतरल्यावर आगीचा पंप सुरू व्हावयाचा असेल तर सर्वांत उंच व सर्वांत दूरचा नळ उघडून दाब उतरवावा. पंपाशेजारच्या नळास पाणी येतें, यांत कांहींच सिद्ध होत नाहीं.

सर्व तपासावें कीं निवडक?

येथें व्यवहारी वाचक विचारील, इतकें सर्व करण्यास दिवस लागतील, डिझेल जळेल, मजुरी पडेल. मग हें सर्वच वस्तूंस लावावें काय? ही शंका रास्त आहे. परीक्षेची खोली नुकसानीच्या प्रमाणांत असावी, हा आमचा नियम. ज्या वस्तूच्या बिघाडानें माणसाचा जीव जाईल, ती प्रत्येक तपासावी, दहांपैकीं दहा. ज्या वस्तूच्या बिघाडानें सबंध माल जाईल, तीही प्रत्येक व पूर्ण भाराखालीं तपासावी. ज्या लहान वस्तु पुष्कळ व सारख्या असतात, उदाहरणार्थ साठ दिवे किंवा चाळीस खिडक्या, त्यांतील दहांत एक निवडून पाहिली तरी चालेल. परंतु निवड मक्तेदारानें करूं नये, आपण करावी. निवडलेल्यांत एकही सदोष निघाली तर तितक्याच आणखी निवडाव्या; त्यांतही दोष निघाला तर सर्वच्या सर्व मक्तेदाराच्या खर्चानें तपासाव्या. ही अट करारांतच लिहिलेली असावी, म्हणजे पुढें वाद होत नाहीं.

मुख्य पुरवठा बंद पडल्यावर काय होईल, ही परीक्षा मात्र कोणत्याही सबबीवर वगळूं नये. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिक येथील डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा विस्कळीत झाला, आणि त्या एका दिवसांत २२ रुग्ण दगावले. त्या प्रसंगाच्या दोषांचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु जेथें एकाच नळीवर अनेकांचा जीव किंवा अनेकांचा माल अवलंबून आहे, तेथें ती नळी बंद झाल्यावर दुसरी वाट किती क्षणांत उघडते, हें आधींच पाहून ठेवणें किती अगत्याचें आहे, तें यावरून कोणासही कळेल.

परीक्षा कोणीं करावी?

ज्यानें यंत्र बसविलें त्यानेंच तें तपासून दाखला द्यावा, ही रीत अपुरी आहे. तो खोटें बोलेल असें नव्हे. पण तो यंत्र चालतें हें दाखविण्यास येतो, तें कोठें अडतें हें शोधण्यास येत नाहीं. परीक्षेस सोसायटीच्या बाजूनें एक स्वतंत्र जाणता इंजिनियर असावा. त्याचबरोबर पुढें तें यंत्र रोज चालविणारा आपला नोकर तेथें हजर असावा, आणि शक्य तितके खटके त्याच्याच हातांनीं दाबवावे. मक्तेदाराचा माणूस निघून गेल्यावर मध्यरात्रीं यंत्रापाशीं तोच एकटा असणार आहे.

नोंदीविषयीं आम्ही आग्रहानें लिहितों, कारण महसूल खात्यांतील कारकुनींत आमचें आयुष्य कागदांतच गेलें. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी आणि बांधावर उभें राहून लिहिलेली पीकपाहणी या दोन्ही कागदावर सारख्याच सुबक दिसतात. फरक पुढें तंटा उत्पन्न झाला म्हणजे कळतो. म्हणून परीक्षेच्या कागदावर नुसतें "ठीक आहे" असें लिहूं देऊं नये. किती वाजतां, कोणत्या भारावर, किती अंश, किती दाब, किती सेकंद, असे आंकडे लिहावे व हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्या. ज्या कागदावर आंकडे नाहींत, तो परीक्षेचा कागद नव्हे.

परीक्षेनें "नाहीं" म्हटलें तर?

परीक्षा करणें हें अर्धें काम. तिचें उत्तर मानणें हें उरलेलें अर्धें. १६२८ सालीं स्वीडन देशांत 'वासा' नांवाची मोठी युद्धनौका बांधण्यांत आली. ती बंदरांत उभी असतां तीस माणसांस एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे धांवावयास लावून ती किती डोलते हें पाहिलें गेलें. ती इतकी कलूं लागली कीं तीन फेऱ्यांतच परीक्षा थांबवावी लागली. परंतु राजास नौका लवकर हवी होती. १० ऑगस्ट १६२८ रोजीं ती पहिल्याच सफरीस निघाली आणि मैलभर जाण्यापूर्वींच कलंडून बुडाली. ती समुद्राच्या तळांतून वर काढली गेली १९६१ सालीं, म्हणजे आमचें पानशेत फुटलें त्याच वर्षीं. परीक्षा झाली होती, उत्तरही स्पष्ट मिळालें होतें. तें ऐकण्यास कोणी तयार नव्हतें.

आमच्या सोसायट्यांत राजा नसतो, पण उद्घाटनाची तारीख असते, हंगाम तोंडावर आलेला असतो, आणि कर्जाचें व्याज चालूं झालेलें असतें. हीं तिन्हीं कारणें खरींच आहेत, आणि त्यांच्यापुढें पंचांस नमावेंसें वाटतें. यावर उपाय एकच: परीक्षेचे दिवस आधींच वेळापत्रकांत धरावे, त्यांत दुरुस्ती व पुन्हां परीक्षा यांसाठींही जागा ठेवावी, आणि उद्घाटनाचीं निमंत्रणें परीक्षा उतरल्यावरच छापावीं. काम लांबलें तर परीक्षेच्या दिवसांतून दिवस कापून घ्यावे, ही रीत सर्वत्र आहे आणि ती सर्वांत घातक आहे.

कांहीं परीक्षा ताबा घेतांना होऊंच शकत नाहींत. पौषांत घेतलेल्या परीक्षेवरून वैशाखाच्या उन्हांत यंत्र कसें चालेल हें कळत नाहीं, कारण बाहेरची हवा तापली कीं यंत्रास उष्णता बाहेर टाकणें जड जातें. गोदामाचें पत्र्याचें छप्पर उन्हाळ्यांत नळीनें पाणी मारून पाहतां येतें, गच्चीवर बांध घालून चोवीस तास पाणी सांठवितां येतें. पण वाऱ्यासह येणारा मृगाचा पाऊस आणतां येत नाहीं. म्हणून मक्त्याच्या रकमेचा कांहीं भाग एक उन्हाळा व एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा, आणि त्या त्या ऋतूंत राहिलेली परीक्षा करूनच तो द्यावा. पूर्ण रक्कम हातीं पडलेल्या मक्तेदारास मागून बोलावणें म्हणजे वरातीमागून घोडें.

सारांश, परीक्षा किती करावी याचें माप मक्तेदाराच्या सवडीवर किंवा पंचांच्या उत्साहावर नसून, ती वस्तु बिघडल्यास कोणाचें काय जाईल यावर आहे. जीव जाणार असेल तर सर्व तपासावें, माल जाणार असेल तर भार घालून तपासावें, गैरसोय होणार असेल तर निवडून तपासावें. शीतगृहांत ठेवलेला माल एका पंचाचा नसतो. तो शेंदोनशें घरांच्या वर्षभराच्या कष्टाचा असतो, आणि त्यांतील बहुतेकांनीं ताबापावती पाहिलेलीही नसते. त्यांच्या वतीनें सही करणारानें, सही करण्यापूर्वीं एकदां तरी मुख्य खटका स्वतःच्या डोळ्यांदेखत बंद करवून पुढें काय होतें तें पाहावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.